दुरुस्तीचे ज्ञान कोणाच्या हाती?

ओरॅकलच्या डेटाबेसवर काम करणाऱ्यांना ‘ओआरए-००६००’ हा त्रुटी-क्रमांक चांगला ओळखीचा असतो. तो लॉगमध्ये उमटतो तेव्हा त्याच्यामागे चौकोनी कंसांत काही आकडे आणि अक्षरे येतात. आत कुठेतरी, प्रणाली घडवणाऱ्यांनी गृहीत धरले होते तसे घडले नाही, एवढाच बोध त्यातून बाहेरच्या माणसाला होतो. कंसातली खूण कोणत्या दोषाची, हे शोधण्याचे साधन कंपनीच्या सपोर्ट संकेतस्थळावर आहे, आणि ते वापरायला सपोर्टचा चालू करार लागतो. म्हणजे सर्व्हर बँकेचा, त्यातल्या नोंदी बँकेच्या, खोळंबलेले खातेदारही बँकेचे; निदान मात्र दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात, आणि त्यासाठी दरवर्षी फी. ही व्यवस्था आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती कधी वेगळी होती हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. माझे म्हणणे असे, की विक्रेत्याकडून मिळणाऱ्या तांत्रिक मदतीचा दर्जा त्याच्या सौजन्यावर किंवा फोन उचलणाऱ्याच्या हुशारीवर फारसा अवलंबून नसतो. तेच काम दुसऱ्या कोणाकडून करून घेणे ग्राहकाला शक्य आहे का, यावर तो ठरत आला आहे. आणि ही शक्यता आटू लागली ते वर्ष, संगणकाच्या इतिहासांत नेहमी सांगितले जाते ते १९६९ नव्हे, १९८३.

सुरुवात भाड्यापासून करावी लागते. पन्नास-साठच्या दशकांत आयबीएमची यंत्रे बहुतेक ग्राहक विकत घेत नसत, महिन्याच्या भाड्याने घेत. १९५९ साली जाहीर झालेल्या १४०१ या संगणकाचे अमेरिकेतले भाडे महिन्याला सुमारे २,५०० डॉलरपासून सुरू होई. मुंबईत एस्सो कंपनीने १९६१ साली बसवलेले यंत्र याच जातीचे. देखभाल भाड्यातच धरलेली असे. यंत्र अडले की कंपनीचा कस्टमर इंजिनिअर येई. सुटे भाग कंपनीचे, वेळही कंपनीचा. ग्राहकाने वैतागून यंत्र परत केले तर भाडे थांबणार होते, त्यामुळे बंद पडलेले यंत्र ही कंपनीचीही चिंता असे. याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. यंत्राबरोबर त्याच्या अंतर्गत जोडणीचे छापील आराखडे येत. कोणता संकेत कोणत्या कार्डातून निघून कुठे पोचतो, हे त्यांत पानोपानी रेखाटलेले असे. त्यातच अमेरिकन सरकारच्या मक्तेदारीविरोधी खटल्यात २५ जानेवारी १९५६ रोजी तडजोडीचा हुकूमनामा झाला. त्याने आयबीएमवर दोन बंधने घातली: यंत्रे विकतही द्यायची, आणि स्वतंत्रपणे दुरुस्ती करणाऱ्यांना सुटे भाग व तांत्रिक माहिती पुरवायची. दुरुस्तीचे ज्ञान एकाच हाती राहिले तर विक्रीतली मक्तेदारी मोडूनही ग्राहक सुटत नाही, ही समज कायद्याला तेव्हाच आली होती.

सॉफ्टवेअरच्या बाजूला तर विक्रेता आणि ग्राहक यांच्यातली रेघच पुसट होती. आयबीएम ७०४ वापरणाऱ्यांनी १९५५ साली ‘शेअर’ नावाची संघटना काढली, ती प्रोग्रॅम एकमेकांना देण्यासाठी. पुढे अपोलो मोहिमेत सॅटर्न-५ या अग्निबाणाच्या सुट्या भागांची प्रचंड यादी सांभाळायची वेळ आली, तेव्हा आयएमएस ही डेटाबेस प्रणाली जन्माला आली. ती बांधणाऱ्या गटात आयबीएमचे १२ लोक होते. रॉकवेलचे १० आणि कॅटरपिलर ट्रॅक्टर कंपनीचे ३. म्हणजे जगातल्या सर्वांत दीर्घायुषी डेटाबेस प्रणालींपैकी एक घडवताना विक्रेत्यापेक्षा ग्राहकांची माणसे एकाने जास्त होती. कॅलिफोर्नियातल्या डाउनी इथे ऑगस्ट १९६८ मध्ये ती प्रथम चालू झाली. अशा प्रणालीत दोष निघाला, तर तो समजणारी माणसे दोन्ही बाजूंना बसलेली होती. सपोर्ट नावाचे वेगळे खाते तिथे मध्ये उभे राहण्याचे कारणच नव्हते.

२३ जून १९६९ रोजी आयबीएमने सॉफ्टवेअर, प्रशिक्षण आणि अभियंत्यांची सेवा यांची किंमत यंत्रापासून वेगळी केली. काही महिने आधीच, जानेवारीत, अमेरिकन सरकारने नवा मक्तेदारीविरोधी खटला भरला होता आणि त्याची छाया या निर्णयावर होती. यंत्रांच्या किमती ३ टक्क्यांनी उतरल्या, आणि पूर्वी ज्यासाठी वेगळे बिल येत नसे त्या मदतीला दर लागला. सॉफ्टवेअर हा स्वतंत्र धंदा इथून सुरू झाला असे इतिहासकार मानतात, आणि ते बरोबरच आहे. पण मदतीचे नाते इथे बिघडले, हे मला पटत नाही. किंमत वेगळी झाल्याने उलट ग्राहकाला पहिल्यांदा कळले की तो कशासाठी किती मोजतो आहे. भाड्यात मिसळलेली ‘फुकट’ सेवा कधीच फुकट नव्हती. शिवाय १९६९ नंतरही आयबीएमच्या कार्यप्रणालीचा सोर्स कोड ग्राहकांना टेपवर आणि मायक्रोफिशवर मिळत राहिला. यंत्र कोसळले की तिथला प्रोग्रॅमर स्मृतीचा डंप कागदावर छापून घेई, सोर्सशी पडताळून पाही, आणि दोष सापडला तर अहवालासोबत दुरुस्तीही सुचवून पाठवी. कंपनी नंतर तात्पुरती दुरुस्ती सर्वांना वाटे. मदतीला दर होता, पण ती मागणारा आंधळा नव्हता.

ज्ञान हस्तांतरित करता येते का, याचा सर्वांत मोठा पुरावा या काळात भारतात मिळाला. आयबीएम अमेरिकेत जुनी झालेली १४०१ यंत्रे दुरुस्त करून भारतात भाड्याने देई, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यात त्यावर संसदेच्या लोकलेखा समितीने कडक टीका केली. पुढे १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार भारतीय कंपनीतला परदेशी हिस्सा कमी करण्याचा आग्रह सरकारने धरला. तो अमान्य करून १९७८ साली आयबीएम देशातून निघून गेली. मागे राहिली शेकडो यंत्रे. त्यांचे काय होणार, या प्रश्नाची तयारी काही वर्षे आधी झाली होती: १९७५ साली कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी, ही सरकारी कंपनी स्थापन झाली होती. तिने देशभरातल्या ८०० हून अधिक ठिकाणची आयबीएमची यंत्रे सांभाळायला घेतली आणि ती चालती ठेवली. नंतर इतर परदेशी कंपन्यांच्या यंत्रांची देखभालही तिच्याकडे आली, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यात दिल्लीत रेल्वे आरक्षणाची संगणकीय व्यवस्था उभी करण्याइतकी तिची मजल गेली. यावर आक्षेप घेता येतो की सीएमसीला आयते काम मिळाले, ग्राहकाला तिच्यावाचूनही पर्याय नव्हता, आणि यंत्रे जुन्या पिढीची होती. तिन्ही गोष्टी खऱ्या. सीएमसी म्हणजे स्पर्धा होती असे मी म्हणतच नाही. माझा मुद्दा एवढाच, की निर्माता देश सोडून गेल्यावरही यंत्रे चालली, कारण आराखडे इथे होते, ते वाचू शकणारी माणसे इथे होती, आणि दोष डोळ्यांनी आणि मीटरने शोधता येत होता.

फेब्रुवारी १९८३ मध्ये आयबीएमने जाहीर केले की यापुढे तिची सॉफ्टवेअरे फक्त यंत्रभाषेत मिळतील, सोर्स कोड मिळणार नाही. ‘शेअर’मधल्या ग्राहकांनी विरोध केला, वर्षानुवर्षे केला, पण धोरण बदलले नाही. कंपनीची बाजू पोकळ नव्हती. प्रतिस्पर्धी तिचा कोड वापरत होते. आणि ग्राहक स्वतः कोड बदलत असल्याने प्रत्येकाकडची प्रणाली थोडी वेगळी होई, नवी आवृत्ती बसवणे अवघड जाई, सपोर्टचा खर्च वाढे. मात्र कोड बदलणे आणि कोड वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बदललेल्या प्रणालीची जबाबदारी आमची नाही, एवढी अट पुरेशी होती. त्याऐवजी वाचण्याचाच हक्क गेला. त्याच वर्षी जूनमध्ये आयबीएमने डीबी२ हा रिलेशनल डेटाबेस जाहीर केला. ओरॅकल १९७९ पासून बाजारात होताच. पुढे सायबेस, इन्फॉर्मिक्स, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर आले. जगाचे हिशेब ज्या प्रणालींवर जाणार होते, त्या बंद कोडची रीत रुळत असताना वाढल्या.

इथून सपोर्ट मागण्याच्या कामाचे स्वरूपच पालटले. पूर्वी ग्राहक निदान पाठवत होता, आता पुरावे पाठवू लागला: लॉग, ट्रेस फाइली, प्रणालीची आवृत्ती, बसवलेल्या पॅचची यादी, आणि दोष पुन्हा घडवून दाखवणारे लहानसे उदाहरण. दोष पुन्हा घडवून दाखवता आला नाही तर कॉल महिनोन्‌महिने पडून राहतो, आणि खरे गंभीर दोष नेमके असे असतात, की हजार व्यवहार एकाच वेळी चालू असताना एखाद्या पहाटे ते उमटतात आणि चाचणीच्या सर्व्हरवर कधी दिसत नाहीत. तातडीच्या श्रेणी ठरल्या. पहिली श्रेणी हवी तर ग्राहकानेही रात्रंदिवस आपला माणूस फोनवर बसवला पाहिजे, नाहीतर कॉल खालच्या श्रेणीत जातो. गेल्या काही दशकांत हे काम करणारी माणसे मोठ्या संख्येने पुणे, बंगळूर, हैदराबाद इथे बसू लागली. कॅलिफोर्नियात रात्र असते तेव्हा पुण्यात कामाचा दिवस असतो. त्यांच्या कष्टाला आणि संयमाला मी कमी लेखत नाही. पण पहिल्या पायरीवरच्या इंजिनिअरसमोर सोर्स कोड नसतो. असतो तो जुन्या तक्रारींचा साठा, आणि त्यात उत्तर सापडले नाही की प्रश्न वर, मूळ विकासकांकडे, सरकवायचा. नोकरी कंपनीत असूनही तो ज्ञानाच्या दाराबाहेरच उभा असतो.

दार बंद झाल्याचा परिणाम किमतीत स्पष्ट दिसतो. ओरॅकलच्या सपोर्टचा वार्षिक दर लायसन्सच्या रकमेच्या २२ टक्के असा रूढ झाला. या हिशेबाने साधारण साडेचार वर्षांत लायसन्सइतकी रक्कम पुन्हा भरली जाते. कंपनीच्या २०१० च्या आर्थिक वर्षात नव्या लायसन्सचे उत्पन्न सुमारे ७.५ अब्ज डॉलर होते, आणि लायसन्स अपडेट व सपोर्टचे सुमारे १३ अब्ज. म्हणजे तोपर्यंत सपोर्ट हा विक्रीचा जोडधंदा उरला नव्हता, तोच मुख्य धंदा झाला होता. २००८ साली सॅप या दुसऱ्या सॉफ्टवेअर कंपनीने आपला दर १७ वरून २२ टक्क्यांवर न्यायचे ठरवले, तेव्हा ग्राहक-संघटना खवळल्या. जानेवारी २०१० मध्ये कंपनीला स्वस्त सेवेचा पर्याय पुन्हा द्यावा लागला. संघटित ग्राहकांपुढे दर झुकतो, हे यातून दिसते. पण झुकला तो दर. ज्ञान जिथे होते तिथेच राहिले.

दुसऱ्या कोणाकडून सेवा घेण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. १९९२ साली कोडॅक कंपनीविरुद्धच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की यंत्र विकून झाल्यावर त्याच्या दुरुस्तीच्या बाजारातही निर्माता आपली सत्ता गाजवू शकतो, कारण यंत्रात पैसे गुंतलेल्या ग्राहकाला मागे फिरता येत नाही. पुढच्याच वर्षी एका अपील न्यायालयाने उलट दिशेचा निकाल दिला: दुरुस्तीसाठी आलेल्या बाहेरच्या तंत्रज्ञाने संगणक चालू केला आणि कार्यप्रणाली स्मृतीत चढली, तरी ती कॉपीराइटच्या अर्थाने नक्कल ठरते. या निकालाचा जाच हटवायला १९९८ साली अमेरिकन काँग्रेसला कायद्यात सुधारणा करावी लागली. तीसुद्धा यंत्राच्या दुरुस्तीपुरती. सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीला तशी खिडकी मिळाली नाही. ओरॅकलच्या ग्राहकांना कमी दरात सेवा देणाऱ्या टुमॉरोनाउ या कंपनीने ओरॅकलचे साहित्य उतरवून घेतल्याबद्दल तिच्या मालकावर, म्हणजे सॅपवर, २०१० साली १.३ अब्ज डॉलरची भरपाई ज्यूरीने बसवली. नंतर ती न्यायाधीशांनी बरीच कमी केली. रिमिनी स्ट्रीट या दुसऱ्या कंपनीशी खटला २०१० पासून दीर्घकाळ चालला. टुमॉरोनाउने केलेली नक्कल गैरच होती, तिचे समर्थन मला करायचे नाही. पण बाहेरच्याने दुरुस्ती करायची ठरवली तर पाऊल टाकायलाही मूळ कंपनीचे साहित्य लागते, ही कोंडी या खटल्यांनी उघड केली.

सर्वांत भक्कम आक्षेप असा, की लाखो ओळींची प्रणाली तिच्या कर्त्यांखेरीज कोणाला समजणार? आणि ग्राहक तरी कुठे सजग असतात? २५ जानेवारी २००३ रोजी स्लॅमर हा किडा एसक्यूएल सर्व्हरमधल्या दोषातून शिरला आणि सुमारे ७५,००० यंत्रांत पसरला, त्यांतल्या बहुतेकांत पहिल्या दहा मिनिटांतच. त्या दोषावरचा पॅच मायक्रोसॉफ्टने जुलै २००२ मध्येच दिला होता. विक्रेत्याने औषध दिले, ग्राहकाने घेतले नाही, असे हे दिसते, आणि त्यात तथ्य आहे. पण तो पॅच बसवणे किचकट होते आणि खुद्द मायक्रोसॉफ्टचे काही सर्व्हरही त्या दिवशी सापडले. ज्याला आतले काही दिसत नाही तो प्रशासक चालत्या प्रणालीला हात लावायला घाबरतो, कारण पॅचने दुसरे काय मोडेल हे त्याला तपासता येत नाही. त्याची दिरंगाई केवळ आळसातून येत नाही.

प्रणाली कर्त्यांनाच समजते, या म्हणण्याला उत्तर पोस्टग्रेसने दिले आहे. बर्कलीत १९८६ साली सुरू झालेल्या या डेटाबेसचा कोड सर्वांना खुला आहे. मार्च २०१८ मध्ये त्याला व्यावसायिक सपोर्ट देणाऱ्या एका कंपनीच्या अभियंत्याने, एका ग्राहकाचा डेटा खराब झाल्याच्या प्रकरणाचा माग काढत, विलक्षण दोष उघड केला. डिस्कवर लिहिताना चूक झाली तर लिनक्सचा गाभा ती एकदा कळवी, आणि तो स्मृतीतला भाग ‘लिहून झाला’ असे समजे. पोस्टग्रेस पुन्हा विचारी, या वेळी होकार मिळे, आणि डेटा सुरक्षित आहे असे मानून तो पुढे जाई. डेटा डिस्कवर नसे. डेटाबेस आणि कार्यप्रणाली यांच्या सांध्यातला हा दोष दोन्ही बाजूंच्या विकासकांनी उघडपणे चर्चेला घेतला, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये चालू असलेल्या सर्व आवृत्त्यांसाठी दुरुस्ती आली: अशी चूक आली तर डेटाबेसने थांबायचे आणि आपल्या नोंदवहीतून पुन्हा उभे राहायचे. हा माग सपोर्ट देणारा अभियंता काढू शकला, कारण दोन्ही प्रणालींचा कोड त्याला वाचता येत होता. खुल्या प्रणालीत जबाबदार कोणीच नसते, हाही आक्षेप टिकत नाही. विकत घेतलेल्या बंद प्रणालीच्या करारातही नुकसानभरपाईची मर्यादा सहसा भरलेल्या फीइतकीच असते. आणि पोस्टग्रेसला पैसे घेऊन जबाबदारीने सेवा देणाऱ्या अनेक कंपन्या आहेत. त्यांतल्या एंटरप्रायझडीबीचे मोठे केंद्र पुण्यातच आहे. एक कंपनी पसंत पडली नाही तर दुसरी निवडता येते, डेटाबेस न बदलता.

१९७८ सारखी वेळ पुन्हा येणार नाही असे समजणाऱ्यांनी अलीकडची दोन उदाहरणे पाहावीत. मार्च २०२२ मध्ये ओरॅकलने रशियातले आपले काम थांबवले. युक्रेनमधल्या युद्धाबद्दल आणि निर्बंधांबद्दल कोणाचे मत काहीही असो, आपल्या डेटाबेसचा निर्माता रातोरात फोन ठेवू शकतो, हे सर्वांना दिसले. तिथे २०१५ पासून पोस्टग्रेसवर काम करणारी एक देशी कंपनी होती, म्हणून वळायला वाट तरी होती. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जीच्या ईमेलसारख्या सेवा बंद केल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर त्या पुन्हा सुरू झाल्या. प्रत्येक नागरी सहकारी बँक, नगरपालिका किंवा साखर कारखाना असा न्यायालयात जाऊ शकणार नाही. म्हणून अशा संस्थांच्या संचालकांना विनंती आहे, की वार्षिक देखभाल कराराचे (एएमसी) नूतनीकरण करताना टक्केवारीवर घासाघीस करून थांबू नये. आमचा सगळा डेटा कोणत्याही वेळी खुल्या स्वरूपात बाहेर काढता येईल, निदानाची साधने आणि कागदपत्रे आम्हाला वापरायला मिळतील, आणि तिसऱ्या कंपनीचा अभियंता आणायला तुमची हरकत नसेल, हे करारात लिहून घ्यावे. आणि सही करण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारावे, की उद्या तुम्ही आला नाहीत तर हा डेटाबेस दुसरे कोण उभे करू शकेल. त्या उत्तरात एकही नाव नसेल, तर सही करू नये.